कड

"मिस्टर आणि मिसेस, दोघांना मिळून एक खोली," असं म्हणत काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने हॉटेलचं कुपन पुढे सरकवलं आणि ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हा माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "नवरा असता तर मी आधीच दोन खोल्या मागितल्या असत्या."

मागे उभा असलेला भाऊ खुदकन हसला. ताई हसली नाही. या माणसाच्या विनोदावर तर नाहीच, पण याच्यासमोर आपल्या विनोदावरही हसायचं नाही, असं ती घरून ठरवून निघाली होती.

दोघं दोन वेगवेगळ्या शहरांतून या परक्या विमानतळावर येऊन पोचली होती. इथून पुढे घरापर्यंत एकच विमान, आणि नेमकं तेच रद्द झालं होतं. दुसरं थेट सकाळी. तिकडे घरी आई शेवटच्या घटका मोजत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि शेजारच्या मावशीने दोघांनाही एकच वाक्य कळवलं होतं, 'असाल तसे या.' आई ओळखते आहे तोवर पोचायचं, एवढीच धडपड होती. आणि आता ते घोडं इथे येऊन अडलं होतं.

मुलीने ओशाळून दुसरं कुपन काढलं, भावाचा पासपोर्ट उघडला आणि मान हलवली. तो जहाजावर स्वयंपाकी होता. त्याच्या कागदांवर त्याला विमानतळाबाहेर पाऊल टाकता येणार नव्हतं. "यांना इथेच थांबावं लागेल. तुम्ही मात्र जाऊ शकता," ती ताईला म्हणाली.

"जा ना ताई," भाऊ म्हणाला. "तुझी कंबर. मी काय, कुठेही पडेन. जहाजावर तर बटाट्याच्या पोत्यांवर झोपलोय."

ताईने कुपन पर्समध्ये ठेवलं. खोटं कशाला बोला, तिला जायचं होतं. तिचं अर्धं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत उभ्याने गेलं होतं. गरम रुळातून बाहेर येणाऱ्या चादरी ओढायच्या, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, घडी घालायची. हजारो लोक तिच्या हातच्या चादरींवर झोपले असतील, पण हॉटेलातल्या चादरीवर ती स्वतः कधी आडवी झाली नव्हती. आज पहिल्यांदा फुकटात ताणलेली, कडक पांढरी चादर मिळत होती आणि कंबर तर ठणकत होतीच. पण पाय निघेना. मावशीचा फोन यायचा होता. आई जागी झाली की फोन तिच्या कानाला लावते, असं ती म्हणाली होती.

"तोवर माझी तरी सोय बघू," भाऊ म्हणाला, आणि दोघं बॅगा ओढत निघाली.

विमानतळावर झोपायची जागा शोधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उशिरा पोचण्यासारखं. चांगल्या जागा आधीच गेलेल्या. खुर्च्यांना मध्ये मध्ये लोखंडी हात होते. माणसाने आडवं होऊ नये म्हणूनच ते बसवलेले, त्यात दुसरा हेतू काही दिसेना. एका कोपऱ्यात गालिचा होता, तिथे डोक्यावर एसीचा गार झोत. खांबाआडची जागा बरी होती, पण एक गृहस्थ तिथे असे घोरत होते की विमान सुरू झाल्याचा भास व्हावा. शेवटी भावालाच सापडलं. लहान मुलांच्या खेळण्याच्या कोपऱ्यात भिंतीला लागून गादीचा एक बुटका, रुंद ओटा होता. मुलं केव्हाच पांगली होती.

"बघ! पलंगच आहे आपला," तो बॅग टाकत म्हणाला. "भिंत माझी, कड तुझी."

"मी हॉटेलात जाणार आहे," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मग दोन्ही माझ्याच," म्हणाला आणि चहा आणायला गेला.

त्याचं घरातलं नाव लोळ्या. ताईनेच ठेवलेलं. लहानपणी झोपेत तो असा लोळायचा की रात्री उत्तरेला डोकं असलेलं पोर सकाळी दक्षिणेला सापडायचं. एकदा तर पलंगावरून जो घरंगळला, तो शिवणयंत्राच्या पायावरच जाऊन आपटला. डाव्या भुवईत अजून ती खूण होती, तेवढ्या जागेत केस नव्हते. घरात तो शेंडेफळ. त्याने काच फोडावी आणि ताईने समजून घ्यावं, त्याने शाळा बुडवावी आणि ताईने बाबांसमोर गप्प बसावं. ताई ओरडली की आईचं ठरलेलं, "लहान आहे गं तो. तू तरी त्याची कड घे."

आणि तिने घेतलीही. वर्षानुवर्षं घेतली. त्याने शिक्षण अर्धवट सोडलं तेव्हा घेतली, जहाजावर जातो म्हणाला तेव्हा बाबांशी भांडून घेतली. मग बाबा गेले. लोळ्या आला नाही. जहाज भरसमुद्रात आहे, असं त्याने कळवलं. सगळं ताईने एकटीने निभावलं, आणि नंतर कुणाच्या तरी बोलण्यातून तिला समजलं की जहाज त्या दिवसांत बंदरातच होतं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. आई मात्र प्रत्येक फोनवर तेच पालुपद लावायची.

चहाच्या रांगेत लोळ्या दिसेनासा झाला आणि फोन वाजला.

"जागी आहे," मावशी कुजबुजली. "कानाला लावते हं. बोल."

"आई," ताई म्हणाली. "आई, मी ताई. येतोय गं आम्ही. सकाळच्या विमानाने."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग आईचा आवाज आला, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, पण शब्द स्पष्ट होते.

"ताई, कड घे गं. लोळ्याची कड घे."

ताईच्या डोक्यात सणक गेली. जिवाचा आटापिटा करून निघाले, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि शेवटच्या घटकेलाही हिच्या तोंडी लोळ्याच! मी कशी आहे, पोचले का, जेवले का, काही नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"नाही," ती म्हणाली. "आयुष्यभर तेच केलं, आई. आता नाही घेणार मी त्याची कड."

 मग मावशीचा आवाज, "दमली गं. नंतर लावते." फोन बंद झाला.

लोळ्या दोन कागदी पेले सांभाळत आला. "आईचा होता? बोलली? काय म्हणाली?"

"काही नाही. दमली होती," ताई म्हणाली आणि बॅग उचलली. "मी जाते हॉटेलात."

"चहा तरी..."

"नको."

बाहेर पडायच्या दाराशी मोठी रांग होती. काचेपलीकडे पारपत्रांवर शिक्के मारणारा एकच माणूस, आणि तोही जणू प्रत्येक पान वाचून मारत होता. ताई दोरीला धरून मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. राग होता तोवर पायात बळ होतं. मग हळूहळू राग निवला आणि आपण काय बोललो ते तिला ऐकू यायला लागलं. मरणाऱ्या बाईला 'हो' म्हणायला काय जात होतं? नुसतं हो. सकाळी पोचल्यावर पहिलं तेच सांगू, तिने ठरवलं. आईचा हात हातात घेऊ आणि म्हणू, घेते गं बाई, घेते त्याची कड.

तिच्यापुढे दोन-तीनच माणसं उरली होती, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"ताई," मावशी म्हणाली आणि थांबली. "ताई, तू काय बोललीस गं तिला?"

"का? काय झालं?"

"अगं, तुझा फोन ठेवला आणि ती सरकायला लागली. अंगात त्राण नाही, तरी कोपरावर जोर देऊन पलंगाच्या पार टोकाला आली. मी म्हटलं, अहो, पडाल ना, आत सरका. तर मलाच रागावली. म्हणाली, ताई नको म्हणतेय, मग मीच घेते कड. पोर पडेल खाली. परवाच भुवई फुटलीय त्याची." मावशीचा आवाज कापायला लागला. "आतली अर्धी गादी मोकळी सोडली आणि भिंतीच्या बाजूला हात टाकून पडली. कुणाला थोपटतेय तसा हात हलत होता. मग थांबला. मला वाटलं, लागला डोळा."

ताईने फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"गेली गं ती, ताई. त्या कडेवरच गेली."

मागच्या माणसाने पुढे व्हा म्हणून खुणावलं. ताईला ते कळलं नाही. तिला एकदम ती खोली दिसत होती, दिवा मालवायच्या आधीची. शिवणयंत्रावर पांघरूण घातलेलं. पलंगावर भिंतीशी चिकटलेला लोळ्या, कपाळाला पट्टी. आणि खाली अंथरूण घालता घालता आई रोज म्हणायची तेच, "ताई, कड घे गं. लोळ्याची कड घे, पडेल तो." मग ताई उशी घेऊन पलंगाच्या बाहेरच्या बाजूला आडवी व्हायची आणि आई दिवा मालवायची. तो पलंगावर मावेनासा होईपर्यंत रोज हेच. कुणाची बाजू घेणं नाही, भांडण नाही, काही नाही. आई पोरांना झोपवत होती. आणि पोरीने सांगितलं होतं, नाही.

दोरीखालून वाकून ती रांगेबाहेर पडली. कंबरेतून कळ गेली, ती बरी वाटली.

खेळण्याच्या कोपऱ्यात लोळ्या झोपला होता. भिंतीला पाठ चिकटवून, अंग चोरून, एवढा थोरला माणूस पोरासारखा. ओट्याची बाहेरची बाजू त्याने मोकळी ठेवली होती आणि तिथे आपलं जाकीट घडी करून उशीसारखं ठेवलं होतं. शेजारी जमिनीवर तिचा चहा होता, वरून कागदी रुमालाने झाकलेला. आपण हॉटेलात जातो म्हणून सांगितलं होतं, तरी याने जागा धरून ठेवली होती. ते पाहून तिला हुंदका आला. तिने पदर तोंडात कोंबला.

त्याला उठवावं का, हा प्रश्न तिने फार वेळ घोळवला नाही. उठवून काय होणार होतं? रडायला सगळा जन्म पडला होता. झोपू दे. ती चप्पल काढून बाहेरच्या बाजूला त्याच्याकडे पाठ करून आडवी झाली. मध्यरात्रीच्या सुमारास तो सवयीप्रमाणे लोळला. पाठचा भाऊ पाठीला येऊन टेकला आणि त्याचा सगळा भार तिच्यावर आला. आपण खाली पडायला नको म्हणून तिने ओट्याची किनार धरून ठेवली. डोळ्यांतलं पाणी जाकिटात मुरत होतं. जाकिटाला कांद्याचा वास येत होता.

उजाडताना लोळ्या उठून बसला. "ताई? तू गेलीच नाहीस? मला उठवायचं तरी!" मग त्याला तिचा चेहरा दिसला.

"आई गेली रे," ती म्हणाली. "रात्रीच."

 तो आवाज न करता रडला, मनगटाने डोळे पुसत, जहाजावर कांदे चिरताना पुसत असेल तसे. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात झटकून टाकेल असं तिला वाटलं होतं. त्याने झटकला नाही.

"काल फोनवर काहीतरी बोलली असेल ना ती," जरा वेळाने त्याने विचारलं. "खरं सांग."

"म्हणाली, लोळ्याची कड घे."

"आणि तू?"

खोटं अगदी तोंडाशी होतं. घेते म्हटलं, एवढंच सांगायचं होतं. पण आईला खोटं हो सुद्धा म्हणता आलं नाही, आणि आता याला म्हणायचं?

"मी नाही म्हटलं," ती म्हणाली.

लोळ्याने मान खाली घातली. "बरोबर केलंस. माझी कड घेण्यासारखं मी ठेवलंय काय? बाबांच्या वेळी जहाज बंदरातच होतं, ताई. बाबांना तसं बघायची छाती झाली नाही माझी. तू का म्हणून..."

"ती कड नाही रे, गाढवा!" ताई ओरडली. सकाळच्या विमानाची माणसं वळून बघायला लागली, बघू देत. "ती कड नाही. मलाही तीच वाटली." आणि जिथे ती रात्रभर झोपली होती त्या ओट्याच्या किनारीवर तिने हात आपटला. "ही. ही कड."

लोळ्या त्या किनारीकडे बघत राहिला. त्याचं बोट आपोआप डाव्या भुवईवर गेलं. मग तिथेच थांबलं.

"मग?" त्याने अगदी हळू विचारलं. "तू नाही म्हटल्यावर?"

"मग तीच सरकली," ताई म्हणाली. "तिनेच घेतली."