घड्याळाच्या दुकानातला पोकळ कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे असं बारा वर्षं सगळे म्हणत आले आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. आज खरं सांगून टाकतो, कारण सोंग करून करून मी फार थकलो आहे. माझ्या पोटात कॅमेरा नाहीच. आहेत ते फक्त दोन सेल आणि एक लुकलुकणारा लाल दिवा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

माझं कवच ज्या कारखान्यात साच्यातून निघालं, तिथं शेजारच्या टेबलावर खरे कॅमेरे तयार होत. त्यांच्या पोटात बारीक तारा भरल्या जात. माझ्या काचेमागे कोणी काहीच भरलं नाही. पुढं आम्ही सगळे एकाच दुकानात विकायला आलो.

तिथं एक घड्याळजी आले. त्यांना आपल्या दुरुस्तीच्या दुकानासाठी राखण हवी होती. दुकानदारानं खरा कॅमेरा दाखवला, चित्रं साठवणारी पेटी दाखवली, तारा कुठून न्यायच्या तेही समजावलं. ऐकता ऐकता घड्याळजी कंटाळले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हा काय वाईट आहे?"

"अहो, हा पोकळ आहे. चोर बिचकेल, एवढंच. उद्या काही घडलं तर हा काडीचीही साक्ष देणार नाही."

"घडतंय कशाला? आत काय आहे ते चोराला कुठं ठाऊक!" असं म्हणून त्यांनी मला पिशवीत टाकलं.

दुकानात त्यांनी मला दाराच्या वर ठोकलं. मी पोकळ आहे हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, झाडलोट करणाऱ्या मावशींनाही नाही. या मावशी रोज सकाळी शटर उघडत, केर काढत, काचेची कपाटं पुसत आणि शेवटी स्टुलावर चढून मलाही पुसत. माझा दिवा मंदावला की त्याच ओरडत, "अहो भाऊ, कॅमेऱ्याकडे बघा जरा, आजारी पडलाय!" मग घड्याळजी त्यांना चहा आणायला पाठवत आणि गुपचूप सेल बदलत.

घड्याळजींची एक सवय होती. दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर स्वतःच्या हातावर बांधून चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. कधी कधी त्यांच्या एकाच हातावर तीन तीन घड्याळं असत.

एकदा एका निवृत्त पोस्टमास्तरांनी वडिलांचं सोन्याचं घड्याळ दुरुस्तीला दिलं. ते सुरू झालं, तसं घड्याळजींनी ते खणात ठेवलं. दुपारी जेवायला घरी निघताना खणातून काढून, हातावर आधीच असलेल्या दोन घड्याळांशेजारी चढवलं आणि बाही खाली ओढली. परत आले तेव्हा हातावर दोनच घड्याळं होती. मी वरून पाहिलं. कसं पाहिलं ते विचारू नका, उत्तर द्यायला माझ्यात त्राण नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आले आणि खण रिकामा निघाला. घड्याळजींना आठवत होतं ते एवढंच, की घड्याळ आपण खणात ठेवलं होतं. पोस्टमास्तर हताश होऊन गेले. मग घड्याळजी मावशींकडे वळले.

"मावशी, कॅमेऱ्यात सगळं दिसलंय. निमूट देऊन टाका, मी कुठं बोलणार नाही."

मला वाटलं, मावशी रडतील. पण त्यांचा चेहरा उजळला.

"दिसलंय ना? मग सुटले बाई! लावा, लावा ते. कोणी काय केलं ते त्यात असेलच की!"

घड्याळजी चाचरले. "ते... ते मी पोलिसांनाच दाखवीन."

मावशींचा चेहरा उतरला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी चोरताना दिसले म्हणता? मग भाऊ, एकतर तो कॅमेरा खोटा, नाहीतर तुम्ही." शटरच्या किल्ल्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. "अहो, तुमच्याच हातावर होतं!" असं मला जीव तोडून ओरडायचं होतं, पण माझा दिवा नुसता लुकलुकत राहिला. मित्रांनो, मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी घड्याळजींची बायको दुकानात आली. तिच्या हातात ते सोन्याचं घड्याळ होतं. "हात धुताना काढलंत वाटतं. साबणाच्या डबीमागे पडलं होतं." घड्याळजींनी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ते मावशींना घेऊन आले. त्यांनी हात जोडून माफी मागितली, पण मावशींचं एकच म्हणणं होतं. "आधी मला ते चित्र दाखवा. त्यात मी कशी दिसते ते बघू दे."

शेवटी घड्याळजींनी मला काढलं आणि उघडलं. दोन सेल टेबलावर घरंगळले.

मावशींनी त्यातला एक सेल उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "बारा वर्षं, भाऊ! पाय भरून यायचे, पण गिऱ्हाइकांच्या या खुर्चीत कधी टेकले नाही. म्हटलं, कॅमेऱ्यात दिसेल आणि तुम्ही मला कामचुकार समजाल."

त्यांनी ती खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. चांगल्या पाठ टेकून बसल्या. भिंतीवरची घड्याळं चालू होती. थोड्या वेळानं त्या उठल्या, खुर्ची जागेवर सरकवली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

आता माझ्या जागी खरा कॅमेरा आहे. मी खालच्या फळीवर बंद घड्याळांच्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, घराला किंवा दुकानाला राखण निवडाल, तेव्हा चोर भिईल का एवढंच विचारू नका. निर्दोष माणसावर आळ आला तर ही राखण त्याच्या बाजूनं बोलेल का, तेही विचारा. माझ्या काचेवर धुळीचा थर बसला आहे. पुसायला कोणी येत नाही, आणि ते योग्यच आहे.