पट्टीतला पाचवा सेल

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. फिल्म घालून फोटो काढायचा, तसला. जुन्या कॅमेऱ्यांवर जीव टाकणारी माणसे मी फार जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी माझे मत चांगले नाही. ते का, हे सांगतो. ऐकून झाल्यावर तुमचे मत तुम्ही ठरवा.

माझा जन्म कारखान्यात, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या लांबलचक टेबलावर झाला. त्यांतल्या एकीने चिमट्याने माझे शटर बसवले, मला कानाशी धरून एकदा ऐकले, मान हलवली आणि शेजारणीकडे सरकवले. तेवढेच कौतुक. माझ्या माथ्यावर नखाएवढी काचेची खिडकी आहे आणि तिच्या आत एक बारीक काटा; हा माझा उजेड मोजणारा मीटर. उजेड भरपूर असला की काटा वर चढतो, कमी असला की खाली बसतो. तो चालावा म्हणून माझ्या बुडाशी एक छोटा कप्पा आहे आणि त्यात शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल बसतो. सेल नसेल तर काटा मेल्यासारखा पडून राहतो. एवढे ध्यानात ठेवा.

माझा पहिला मालक पुलांची तपासणी करायचा. खांबाला गेलेली भेग, गंजलेली सळई, खचलेला भराव, हेच मी आयुष्यभर पाहिले. घरच्यांचे चेहरे मला दिसायचे ते रिळाच्या शेवटी दोन फोटो उरले तरच. सुंदर असे त्याने मला काही दाखवले नाही, पण मी कामाचा होतो. मी काढलेला एका भेगेचा फोटो पाहून साहेबांनी एक पूल दुसऱ्याच दिवशी वाहतुकीला बंद केला होता. पुढे मालक म्हातारा झाला आणि गेला. मला एका खणात टाकले. सोबतीला जुनी कुलपे, तुटके पट्टे आणि बंद पडलेली मनगटी घड्याळे. तिथे वर्षानुवर्षे कोणी मला विचारले नाही. तरीही खरे सांगतो, त्या खणात मला अपमान वाटला नाही. अपमान पुढे झाला, माझी कदर झाली तेव्हा.

मालकाच्या घरच्यांकडून मला उचलून आणणारे गृहस्थ विम्याच्या कचेरीत काम करतात. पण त्यांच्यासारख्याच छांदिष्टांच्या मंडळात त्यांना सगळे ‘सर्जन’ म्हणतात, कारण ते जुने कॅमेरे उघडून दुरुस्त करतात. मीही त्यांना सर्जनच म्हणतो. हसण्यासाठी म्हणतो. त्यांच्या दिवाणखान्यात खिडकीपाशी एक टेबल आहे. त्यावर भिंग लावलेला दिवा, घड्याळजींचे पेचकस, चिमटे, आणि स्वयंपाकघरातून आणलेल्या अकरा बशा. प्रत्येक बशीत कोणाचे ना कोणाचे स्क्रू, स्प्रिंगा, कातड्याचे तुकडे. काचेच्या कपाटात एक्केचाळीस कॅमेरे. त्यांतल्या एकातही फिल्म नाही.

हे मंडळ महिन्यातून एकदा आमच्याकडे जमते. मोठी, कमावती, चष्मेवाली माणसे आम्हाला एकेक करून कानाशी धरतात आणि डोळे मिटतात.

“आवाज ऐक. अगदी लोण्यासारखा.”

“वा. यातून काढलेस का फोटो?”

“छे, फिल्म कशाला वाया घालवायची.”

मग ते आमच्या बुडावरचे आकडे ताडून पाहतात, आणि कोणाचा आकडा जुना यावरून दोन तास वाद घालतात. ज्या वस्तूने पाहायचे असते ती वस्तू ही माणसे ऐकत बसतात. याला छंद म्हणतात.

सर्जनना एक मुलगी आहे, दहा महिन्यांची. सारखी गुं गुं करत रांगते म्हणून तिला भुंगी म्हणतात. आणि भुंगीची आई आहे. त्या घरात पाहण्याचे काम कोणी करत असेल तर ती एकटी. रोज संध्याकाळी ती गुडघ्यांवर बसून, जमिनीला गाल लावून, बॅटरीच्या उजेडात टेबलाखाली पाहते. भुंगीच्या उंचीवरून काय काय दिसते ते तिला पाहायचे असते.

“झाला का पोलीस तपास?” सर्जन भिंगातून डोळा न काढता विचारत.

“झाला. दोन स्क्रू आणि एक टाचणी. कोणाची आहेत?”

“अरे वा, हे तर मी शोधत होतो.”

“मुलगीही शोधत होती.”

एकदा तिने विचारले होते, “या एक्केचाळीस कॅमेऱ्यांत भुंगीचा एक तरी फोटो आहे का रे?” सर्जन म्हणाले, “फोनमध्ये आहेत की.” मी कपाटात होतो. शेजारच्या कॅमेऱ्याची मान मला खाली झाल्यासारखी वाटली.

आता त्या रविवारची गोष्ट. सकाळी सर्जननी मला टेबलावर घेतले, पाच सेलांच्या पट्टीतला एक सेल काढून माझ्या कप्प्यात बसवला आणि मला खिडकीकडे धरले. काटा हलला नाही. कप्प्यातल्या पत्र्यावर हिरवा गंज चढला होता, तो घासायला दोन मिनिटे लागली असती. त्यांनी मला हलवले, थोपटले, “तूही गेलास तर,” म्हणाले आणि माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली: मीटर गेला. इतक्यात मंडळातल्या एकाचा फोन आला. भिंगावरची बुरशी उन्हात ठेवून जाते की नाही, यावर अर्धा तास गेला. फोन ठेवेपर्यंत सेल माझ्या पोटात आहे हे सर्जन पार विसरून गेले होते. लोक चष्मा डोक्यावर ठेवून शोधतात, ते निदान डोक्याला हात तरी लावतात.

भुंगी टेबलाखाली होती. तिची गुणगुण थांबली. सर्जनना कळले नाही. तिच्या आईला स्वयंपाकघरात कळले. ती पिठाच्या हातांनीच धावत आली, भुंगीला उचलले, तोंडात बोट घातले आणि काळ्या कातड्याचा एक ओला तुकडा बाहेर काढला. भुंगीला उबळ आली. लाळ गळायला लागली. आईने टेबलावर नजर फिरवली आणि ती पट्टीवर थांबली.

“यातला एक कुठे आहे?”

“काय एक?”

“सेल. काल पाच होते.”

“तू माझे सेल मोजतेस?”

“मी या घरातलं तोंडात जाईल असं सगळं मोजते. पाचवा कुठे आहे?”

“असेल इथेच कुठेतरी. एवढासा तर आहे.”

“एवढासा आहे म्हणूनच विचारतेय. घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. वाचलंय मी.”

“तू ना, फार वाचतेस.”

भुंगी पुन्हा खोकली. तिच्या आईने वाद थांबवला. सेल कोणत्या जातीचा आहे ते कळावे म्हणून तिने ती पट्टी फोनमध्ये टिपली, मुलीला कडेवर घेतले, पिशवी उचलली आणि शेजारणीचे दार वाजवले. शेजारणीकडे गाडी होती.

“तू हो पुढे,” सर्जन म्हणाले. “मी शोधतो. सापडला की लगेच कळवतो, म्हणजे उगाच हॉस्पिटलात बसायला नको.”

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले. “शोध,” म्हणाली आणि जिना उतरली.

मित्रांनो, पहिली दहा मिनिटे त्यांनी मनापासून शोधले, हे मला कबूल केले पाहिजे. गालिचा उचलला, सोफा ओढला, केरसुणी फिरवली. मग त्यांनी दोरीला बांधलेले लोहचुंबक आणले आणि फटींतून फिरवले. चुंबकाला टाचण्या चिकटल्या, दोन स्क्रू चिकटले, आणि केसाएवढी बारीक एक स्प्रिंग चिकटली. सर्जन तिथेच थबकले. ती स्प्रिंग एका अर्धवट उघडलेल्या कॅमेऱ्याची होती, आणि चार महिने ते तिच्या मागे होते.

“नुसती बसते का बघतो,” ते स्वतःशीच म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

खुर्चीवर बसले. मुलगी हॉस्पिटलात, बायको हॉस्पिटलात, आणि हे गृहस्थ भिंगाचा दिवा जवळ ओढून स्प्रिंग बसवत होते. माझ्या पोटात तो सेल होता आणि मला तोंड नव्हते. मी जन्मभर पुलांच्या भेगा पाहिल्या, पण इतकी रुंद भेग पाहिली नव्हती.

दिवा ओढताना त्यांच्या कोपराचा धक्का मला लागला आणि मी खाली पडलो. त्या आदळण्याने गंज खरवडला गेला असावा. सेल पत्र्याला टेकला. सर्जननी मला उचलले, तेव्हा माझा काटा सरसर वर चढला.

मला वाटले, आता समजेल.

“अरे!” सर्जनचा चेहरा उजळला. त्यांनी मला खिडकीकडे धरले, भिंतीकडे धरले, पुन्हा खिडकीकडे धरले. काटा वर, काटा खाली. मी जिवाच्या आकांताने हलत होतो आणि त्यांना आनंद होत होता. त्यांनी चिठ्ठीवरचा ‘मीटर गेला’ खोडला आणि ‘चालू’ लिहिले. मग फोनवर माझा फोटो काढून मंडळाला पाठवला: मेलेला मीटर, नुसत्या हाताच्या गुणाने. लगेच उत्तरे आली. “सर्जन तो सर्जन.” “हात दाखव रे एकदा तुझा.”

एवढ्यात फोन वाजला. भुंगीची आई होती. मागे भुंगी रडत होती, आवाज बसलेला होता.

“सापडला?”

“नाही अजून. काय म्हणाले?”

“रविवार आहे. एक्स-रेवाल्याला घरून बोलावलंय, येईलच म्हणतात. तोवर दूध पाजू नका म्हणाले. तिला काय कळणार ते? माझा पदर ओढतेय. तू काय करतोयस?”

“शोधतोयच ना. आणि ऐक, तेवढ्यात एक झालं. त्या पुलावाल्याच्या कॅमेऱ्याचा मीटर गेला होता ना, त्याचा काटा हलायला लागला. आपोआप.”

तिने विचारले, “काटा कशावर हलतो?”

“उजेडावर.”

“ते नाही. चालतो कशावर?”

सर्जननी काट्याकडे पाहिले, मग माझ्या बुडाकडे. एक्केचाळीस कॅमेरे, अकरा बशा, मंडळातली सगळी विद्वत्ता, आणि जे समजले ते कॅमेऱ्याला कधी हात न लावणाऱ्या बाईला, रडत्या मुलीला कडेवर घेऊन, एका ओळीच्या बोलण्यावरून. त्यांनी मला उलटे केले. झाकण नाण्याने फिरवायचे असते; त्यांनी खिशातून नाणे काढून ते फिरवले. झाकण निघाले आणि सेल त्यांच्या तळहातावर आला.

“आहे,” ते म्हणाले. “यातच आहे. मीच घातला होता सकाळी.”

“पट्टीत बाकीचे चार आहेत?”

“आहेत.”

“बघून सांग.”

त्यांनी बोट लावून पाहिले. “चार आहेत.”

“पुन्हा बघ.”

त्यांनी पुन्हा पाहिले. आवाज बारीक झाला होता. “एक, दोन, तीन, चार. आणि हा माझ्या हातात. पाच.”

“बरं. एक्स-रे तरीही काढूनच येणार आहे मी,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती दुपारी आली. एक्स-रेत काही निघाले नव्हते. भुंगी खांद्यावर झोपली होती, गालांवर रडून आलेले पांढरे ओघळ होते. तोवर सर्जननी बशा धुऊन जागेवर ठेवल्या होत्या आणि टेबल इतके पुसले होते की त्यात खिडकी दिसत होती. ते काहीतरी बोलणार होते. तिने ऐकले नाही, ओरडलीही नाही. मुलीला निजवून ती झाकणाची मोठी खोकी घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“भर.”

“सगळे?”

“सगळे. माळ्यावर जातील. ती शाळेत जायला लागली की बघू.”

सर्जननी माझी काच पुसली आणि मला गुंडाळायला जवळचा मऊ टॉवेल उचलला. तिने तो हातातून काढून घेतला. “हा तिचा आहे.” मग त्यांनी आम्हाला आपल्या शर्टांत गुंडाळले. कचेरीचे इस्त्रीचे शर्ट, एकेक करून. मला मात्र ते हातातच धरून होते.

“निदान हा राहू दे, वरच्या फळीवर. हा चालतो.”

“चालतो म्हणूनच हा आधी,” ती म्हणाली.

म्हणून पहिल्या खोक्यात पहिला मी गेलो. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याविषयी कोणी काढलेले हे पहिले शहाणे उद्गार होते. चालणाऱ्याला सेल लागतो, आणि सेल लागणाऱ्याची जागा रांगणाऱ्या मुलाजवळ नाही. यात काय एवढे अवघड आहे? पण ते समजायला मंडळाचा काही उपयोग नाही.

आता मी माळ्यावर आहे. माझा कप्पा रिकामा आहे, काटा तळाशी आहे. तुम्ही माझी दया करू नका. ती मला नको. तुमच्या घरी कोणाला असा छंद असेल तर त्यांना माझे नाव सांगून एवढेच सांगा, की काम झाले की सेल काढून कुलपात ठेवा, बशीत ठेवू नका. आणि घरातले एखादे माणूस ‘पाचवा कुठे आहे’ असे विचारत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर उठा.

परवा खाली गडबड झाली. माळ्याची फळी पातळ आहे, सगळे ऐकू येते. भुंगी काहीही न धरता उभी राहिली होती. तिची आई आंघोळीहून धावत आली, तोवर ती बसलीही होती.

“अरेरे, हुकलं माझं,” आई म्हणाली. “फोटो तरी काढलास का?”

“नाही,” सर्जन म्हणाले. “दोन्ही हात पुढे धरून बसलो होतो. पडली असती तर.”

मित्रांनो, एवढे ज्याला जमेल, त्याने खुशाल कॅमेरे जमवावेत.