मोठ्यांची फेरी

पैज लागली ती पाण्याच्या मोटरपाशी. इमारतीची मोटर बंद पडलेली, वॉशर तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेला, आणि शेजारी मदत म्हणून सल्ले देत उभे. वॉशर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा प्लंबर. हा आठवडाभर लोकांच्या नळांची गळती थांबवायचा आणि रविवारी वस्तीच्या फुटबॉल टीमची. "गोलमध्ये वॉशर बसवलाय" असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव वाहून गेलं.

"यंदा म्हणे राष्ट्रीय कपात उतरताय?" तळमजल्यावरच्या शिंप्याने विचारलं. जिभेमुळे याला सगळे कात्री म्हणायचे.

"उतरतोय. दोन फेऱ्या काढल्या की तिसरीत मोठे क्लब येतात. टीव्हीवर दिसतात ते."

"ते पहिल्यापासून का नाही खेळत?"

"मोठी माणसं पंगतीला उशिराच येतात. खालच्यांनी आधी आपापसात डोकी फोडून कमी व्हायचं, मग ते हात धुवून बसणार. आणि एकदा हरलास की बूट काखेत मारून घरी. पुढच्या आठवड्यात भरून काढू, ही भानगडच नाही. पण म्हणूनच सांगतो, चिठ्ठी निघाली तर कुणासमोरही कुणीही येतं. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासमोर उभं राहायचंय. पुढच्या वर्षी गुडघा ऐकणार नाही."

"तू? मोठ्यांसमोर?" कात्री खो खो हसला. "मोठ्यांच्या फेरीत तू गोलमध्ये उभा राहिलास, एक मिनिट का होईना, तर मी बायकोचा गाऊन घालून अख्खा जिना धुवीन. भरदिवसा."

"आणि नाही राहिलो तर मी धुतो. माझ्या बायकोचा गाऊन घालून."

"फुलाफुलांचा तो माझा चांगला आहे हं," वरून खिडकीतून वॉशरची बायको ओरडली. "जुना घ्या!"

पहिल्या फेरीत समोरची टीम आलीच नाही, त्यांची बस वाटेत बसली. पंचाने शिट्टी मारून पुढे चाल दिली. "न खेळता जिंकलात, लाज नाही वाटत?" असं कात्री महिनाभर विचारत होता. दुसऱ्या फेरीत मात्र घाम निघाला. बरोबरी, मग पेनल्टी. शेवटच्या दोन वॉशरने अशा अडवल्या की एक छातीवर बसली आणि एक थेट नाकावर. रक्त पुसत तो हसत होता. त्या दिवशी कात्रीने त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला, आणि ही गोष्ट इमारतीत गोलपेक्षा जास्त गाजली.

तिसऱ्या फेरीची सोडत सगळ्यांनी कात्रीच्या दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. काचेच्या भांड्यात आकड्यांचे गोळे. ज्याचा गोळा आधी निघेल त्याच्या मैदानावर सामना. यांचा आधी निघाला. मागोमाग निघाला तो देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबचा. दुकानात असा आरडाओरडा झाला की मापं द्यायला आलेलं गिऱ्हाईक तसंच पळालं. कात्री म्हणाला, "आता गाऊनच्या बाह्या सैल कराव्या लागणार." पण म्हणताना खूश दिसत होता लेकाचा.

मग जागे झाले अध्यक्ष. टीमचे अध्यक्ष याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि आजवर मैदानावर फक्त फोटोपुरते यायचे. आता कॅमेरे येणार होते. त्यांनी वॉशरला जिन्यात गाठून खांद्यावर हात टाकला.

"हे बघ, आमचे जावई उंच आहेत. नाव आधीच नोंदवून ठेवलंय. तू बेंचवर बस. बेंचवर अनुभवी माणूस लागतो."

"साहेब, पेनल्टी मी अडवल्या."

"म्हणून तर तुझा मान ठेवतोय. नाहीतर बेंचवर तरी जागा कुठाय?"

सामन्याच्या दिवशी वस्ती छपरांवर चढली होती. जावई गोलमध्ये सुंदर दिसत होते. केसही बसलेले, हातमोजेही नवे. फक्त बॉल अडवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मध्यंतरालाच चार झाले. नंतर आणखी दोन. छपरांवरची माणसं गुपचूप खाली उतरायला लागली.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा अध्यक्ष बेंचपाशी आले. "जा रे. ऊठ."

वॉशरच्या मांड्या त्याच्या आधी उठल्या. हातमोजे घालून तयारच होता तो, सकाळपासून.

"जा, उभा राहा जरा. हौस फिटेल तुझी, पैजही जिंकशील. आता काय, जायचं ते गेलंच. उगाच जावयांना आणखी दोन खायला नकोत."

वॉशर परत खाली बसला. "पूर आल्यावर वॉशर बसवत नाहीत, साहेब."

"माज आलाय?"

"आलाय."

हा माज शेवटच्या शिट्टीपर्यंत टिकला. शिट्टी वाजली, मोठे खेळाडू एकमेकांना टाळ्या देत बसकडे गेले आणि रिकामा गोल समोर दिसला, तेव्हा त्याने हातमोजे ओरबाडून काढले. पाच मिनिटं होती. हातात होती. गाढवा, कोण विचारणार आहे कशी मिळाली ते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाऊन घालून, बादली घेऊन जिन्यात उतरला. अख्खी इमारत दारादारात. पोरं शिट्ट्या मारत होती, कुणी फोन धरून उभं होतं.

कात्री पुढे आला. आज त्याची धार गेलेली. "जाऊ दे ना यार. त्यांनी बसवलं तुला. ही कसली पैज?"

"उभा राहिलो का मी?"

"नाही, पण..."

"मग बाजूला हो. पाय भिजतील."

तो पायऱ्या घासायला लागला. बायको दारात हसायला आली होती. थोडा वेळ बघून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

तेवढ्यात खालून अध्यक्ष आले. मोठ्या क्लबने भेट दिलेला, सह्या केलेला शर्ट काचेच्या चौकटीत घालून आणला होता. दोन्ही हात गुंतलेले, नजर चौकटीवर. वॉशरने त्यांना येताना पाहिलं आणि वरच्या पायरीवर साबणाचं पाणी मुद्दाम भरपूर ओतलं. कात्रीने ओठ दाबून धरले.

अध्यक्षांचा पाय उचलला गेला.

"जपून, साहेब," वॉशरच्या तोंडून निघून गेलं. "पुढची पायरी निसरडी आहे."

"वा! वाचवलंस बघ," अध्यक्ष म्हणाले, आणि पायरी ओलांडून, घासलेल्या पायऱ्यांवर मातीचे बूट उमटवत वर गेले.

वॉशरने स्वतःला एक कचकचीत शिवी दिली, गाऊन गुडघ्यापर्यंत खोचला आणि त्यांच्या मागोमाग एकेक पायरी परत पुसायला घेतली.