नावं पुकारेपर्यंत

माझ्या अंजलीचं लग्न झालं ते साल त्र्याण्णव. त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा लेक, बुद्धघोष, पुण्याहून ऑर्गन घेऊन भवानीनगरला परतला. पुण्यात तो एका हॉटेलात कामाला होता. तिथं गोव्याचे एक मास्तर जाझ वाजवायचे, त्यांनीच त्याला शिकवलं. ठरलेली चाल धरायची, मग सुचेल तशी फिरवत न्यायची, पण ताल सोडायचा नाही. तो स्वतःच्या चालीही बांधू लागला होता.

माझा थोरला भाऊ ज्ञानदेव, आमचा दादा आणि लोकांचा तात्या, भीमगीतांची पार्टी चालवायचा. त्यानं भाच्याला पार्टीत घेतलं, पण ऑर्गन गाण्याच्या मागंच ठेवला.

"मामा, एकदा माझी चाल पुरी वाजवू द्या. न्हायतर मी पुण्याला जातो तो परत येत न्हाय."

"लोकं शब्द ऐकाया येत्यात. तुझ्या चालीत शब्द कुठं हाय?"

बावड्याच्या जयंतीला आम्ही सगळे गेलो. कुणी बक्षीस दिलं की गाणारा मध्येच थांबून त्याचं नाव पुकारतो, आणि तेवढा वेळ वाद्यं चालू राहतात. दुसऱ्याच गाण्यात बक्षीस आलं. दादा नाव पुकारू लागला आणि बुद्धघोषानं आपली चाल सुरू केली. ढोलकीवाला बिरू हसला आणि त्याच्यासोबत निघाला. बोलणाऱ्या बाया गप्प झाल्या.

नाव पुकारून झालं. आता दादा गाण्याची ओळ उचलणार आणि चाल तिथंच तुटणार. दादानं भाच्याकडं बघितलं, माइक तोंडाशी नेला आणि म्हणाला, "कोऱ्हाळे बुद्रुकच्या कुशाबाईंकडून बक्षीस."

कुशाबाई माझ्या शेजारीच बसली होती. "आगं तुळसा, मी कवा दिलं?"

"गप ऱ्हा. वाजू दे त्याला."

मग दादानं आमच्यासोबत आलेल्या हिंदुरावचं नाव घेतलं, दगडाबाईचं घेतलं, माझंही घेतलं. आमच्यापैकी कुणी काही दिलं नव्हतं. लोकांच्या ध्यानात आलं तशी माणसं आपणहून सांगू लागली, "तात्या, माझंबी नाव घ्या." चाल संपेपर्यंत दादा पुकारत राहिला.

"झाली का रं पुरी?"

"झाली, मामा."

"मग आता मला गाऊ दे. नावं घिऊनच घसा बसला."

बुद्धघोष कुठं गेला नाही. बारामती-इंदापुरातल्या कितीतरी पार्ट्यांना त्यानं चाली दिल्या. त्याचा ऑर्गन ऐकायला पुण्याहून वाजवणारे यायचे. पुढच्या वर्षीच्या हँडबिलावर दादानं आपल्या नावाच्याही वर छापून घेतलं, 'ऑर्गन आणि संगीत : बुद्धघोष'. ते मी स्वतः वाचलं.

ज्ञानदेव अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत भवानीनगरला वारला.