जड स्टिअरिंग

माझ्या हाताला यश नाही असं माझी बायको म्हणते, आणि ते खरंच आहे. मी कचेरीत फायली लावणारा माणूस. सासरे मात्र चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहिलेले. लोखंडावरून नुसतं बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचे. अशा माणसाचा जावई होऊन मी सोळा वर्षं स्क्रू उलटे पिळतोय.

त्यांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग कुईकुई करायला लागलं, तिथून सगळं सुरू झालं. गाडी पन्नास वर्षांची, पण पॉवर स्टिअरिंगवाली. बाबा ती एका बोटाने वळवून दाखवायचे आणि आपण कौतुक करीपर्यंत खाली उतरायचे नाहीत. एका सकाळी ते आंघोळीला गेले नि मला हुक्की आली. बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या ऑईलची टाकी अर्धी रिकामी होती. शेडमधल्या वरच्या फळीवरची बाटली काढली आणि टाकी काठोकाठ भरली. बाबा आले तेव्हा मी ऐटीत हात पुसत उभा.

"ऑईल घातलं मी," म्हणालो.

"वा, जावईबापू," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सोळा वर्षांतली पहिलीच.

आठ-दहा दिवसांत स्टिअरिंग जड झालं. बाबा हटणारे नव्हते. त्यांनी पंपाचा पट्टा बदलला. पुढची चाकं जॅकवर उचलून मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, पाइपांतली हवा काढली. सांध्यांत ग्रीस भरलं, टायरची हवा दोनदा मोजली, पंपाला कान लावून तासभर बसले. ऑईलची मात्र त्यांनी फक्त पातळी पाहिली. बोटावर घेतलं नाही की वास घेतला नाही. जावयाने केलेलं काम पुन्हा तपासणं त्यांना बरं वाटलं नसावं.

"मलाही जडच लागतंय, बाबा," मी म्हणालो.

"तुम्हाला बरणीचं झाकणही जड लागतं," ते म्हणाले.

एके दिवशी ते गाडीतून उतरले आणि स्टुलावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिले. "गाडीत काही नाही," म्हणाले, "सगळं बघून झालं. मग उरलं कोण? मीच." त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला आणि रविवारी गाडी घेऊन जा म्हणून शब्द दिला.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी गाडी चालवू नये म्हणून बायको दोन वर्षं डोकेफोड करत होती. पण बाबांनी नुसती गाडी सोडली नाही. बादली उचलायला मला हाक मारू लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दे म्हणून सासूबाईंपुढे बाटली धरताना मी त्यांना पाहिलं, आणि मला तिथे उभं राहवेना.

शुक्रवारी शेड आवरायला घेतली. वरच्या फळीवर स्टिअरिंग ऑईलची बाटली होती, तिचं सील जसंच्या तसं. शेजारी ब्रेक ऑईलची बाटली, अर्ध्याहून जास्त रिकामी. म्हणजे मी टाकीत हेच ओतलं होतं. तसाच कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो.

"ब्रेक ऑईल?" मेकॅनिक म्हणाला. "अहो, त्याने आतलं रबर फुगतं, पार मऊ पडतं. मग प्रेशर कुठून धरणार? पैलवान बसवा, त्यालाही जड जाईल."

"आतलं रबर बदलता येईल?"

"या गाडीचं? मागवलं तर चार महिने. मिळालं तर."

बायकोला सांगितलं. तिने आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी आपणहून सोडलीय. तू आता तोंड उघडू नकोस." तिचं चुकत होतं असंही नाही. बाबांना हल्ली संध्याकाळचं नीट दिसत नाही, हे मलाही माहीत होतं. तरी शनिवारी मी दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बाटल्या उचलून पाहिल्या. मग हसले. "कोणी शिकवलं हे? लेकीने?"

"ती तर सांगू नको म्हणते, बाबा."

"बाटलीतलं ऑईल काय, मोरीतही ओतता येतं. माझं मन राखायला आलात. बरं वाटलं."

"मेकॅनिकला विचारा."

"तो माझ्या हाताखाली शिकलाय. तोही मन राखेल."

माझी मती गुंग झाली. जन्मात एकदा खरं बोललो, तर तो माझा चांगुलपणा ठरत होता. मी उजवा हात पुढे केला. "दाबा. जेवढा जोर असेल तेवढा लावा."

नको नको म्हणत त्यांनी हात धरला, आणि दाबला. माझी बोटं कडकड वाजली. डोळ्यांतून पाणी आलं, गुडघे वाकले. "सोडा, बाबा, सोडा," मी कळवळलो. त्यांनी लगेच सोडलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

"पुरे, जावईबापू," माझा हात थोपटत म्हणाले, "नाटक मात्र झकास करता."

रविवारी तो माणूस आला. गाडीभोवती दोनदा फिरला, स्टिअरिंग हलवून बघितलं आणि बाबांकडे वळला.

"गाडीत काही दोष नाही," बाबांनी त्याला सांगितलं. "माझेच हात गेले."

मी शेजारीच उभा होतो. माझी बोटं अजून सुजलेली होती.