पिठावरचा काळा गोल

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांचं एकमेकांशी कधी धड पटत नाही. कॅमेऱ्यात एक सेटिंग करावी, तर रेकॉर्डर आपलीच त्याच्यावर लादतो. आळेफाट्याला सीसीटीव्हीचं दुकान टाकल्यापासून मी या दोघांची भांडणं सोडवत आलोय, त्यामुळे भुताखेतांसाठी मला सवड नव्हती. दोन हजार आठ साली बेल्ह्याच्या अमृतचा फोन आला तेव्हा मी वैतागलोच.

अमृतचे वडील गेणूबा वारले होते. त्यांच्या घरात माणूस जिथे प्राण सोडतो तिथे पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर बांबूची दुरडी पालथी घालतात. सकाळी दुरडी उचलून बघायचं. पाखराचा पाय उमटला असेल, तर माणूस पाखराच्या जन्माला गेला. मांजर दुरडी ढकलून पिठावरून चाललं आणि भलताच जन्म ठरला असं होऊ नये, म्हणून अमृतला त्याच्या पोल्ट्रीवरचा, मीच बसवलेला एक कॅमेरा माजघरात लावून हवा होता. कॅमेऱ्याला पीठ दिसावं म्हणून त्याने दुरडीच काढून ठेवली होती.

त्याची आई ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. "पावणं, मी निस्तं पानी आनाय गेले," ती म्हणाली, "तेवढ्यात ह्ये गेलं. जाताना तोंड बगितलं न्हाई. आता तरी दिसंल का?" सगळा जन्म संसार केलेल्या बाईला एवढंच हवं होतं, आणि मी शिडीवर चढून स्क्रू पिळत होतो.

हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग व्हावं, अशी सेटिंग मी केली. पण दिव्याची ज्योत हलली की रेकॉर्डर जागा होई. म्हणून मॉनिटरवर दिव्याच्या जागी एक काळा चौकोन ओढला. तेवढा भाग झाकला गेला.

सकाळी अमृतचा फोन आला. पीठ कोरं होतं, आणि मॉनिटरवर पिठाच्याच जागी काळं दिसत होतं. माझा चौकोन सरकला असणार, म्हणून जाऊन तो पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रेकॉर्डरमध्ये काही सापडेना, म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात जुनी सेटिंग अडकली असणार. तीही पुसली, पासवर्ड बदलला आणि तो अमृतलासुद्धा सांगितला नाही. तिसऱ्या सकाळी काळं परत तिथेच. या वेळी मी नीट बघितलं. या मशीनला फक्त चौकोन काढता येतो. हा गोल होता.

ठमाबाई मागे येऊन उभी राहिली.

"दुरडी हाये ती," ती म्हणाली. "तुमी काढली, त्येंनी घातली. मानसानं असं उगड्यावरनं कसं जायाचं?"

तिने स्वतः नवं पीठ पसरलं, दुरडी पालथी घातली आणि मला म्हणाली, "पावणं, न्या त्यो कॅमेरा."

"आई, मग तुला काय दिसायचं न्हाई," अमृत म्हणाला.

"नगं दिसू दे. जाऊ तरी दे त्येंला."

माझा सगळा वैताग कुठल्या कुठे गेला. मी कॅमेरा काढून पिशवीत घातला आणि घरी नेला.

सकाळी राहिलेली वायर काढायला गेलो. रेकॉर्डरमध्ये माजघराच्या नावावर रात्रीचं एक रेकॉर्डिंग होतं. कॅमेरा तर रात्रभर माझ्या घरी पिशवीत होता आणि आत्ता ती पिशवी माझ्या खांद्याला. मला ते लावायचं नव्हतं, खरंच भ्यालो होतो. ठमाबाई मॉनिटरसमोर येऊन बसली. "लावा," ती म्हणाली.

चित्र भिंतीवरून घेतलेलं नव्हतं. ते जमिनीलगतचं होतं. समोर बांबूच्या उभ्याआडव्या पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांच्या फटीतून, दिव्याच्या उजेडात, भिंतीला टेकून झोपलेली ठमाबाई दिसत होती. हालचाल कसलीच नव्हती. चित्र हळूहळू तिच्या जवळ जात राहिलं, पट्ट्या मागे पडल्या, आणि नुसतं तिचं झोपलेलं तोंड उरलं. मग रेकॉर्डिंग संपलं.

अमृतने माझा दंड घट्ट धरला होता. ठमाबाईने पदर तोंडाला लावला.

"माजं तोंड बगून गेलं म्हातारं," ती म्हणाली.