बायकांचा कप

डॉक्टर वैजयंती कार्डिफच्या एका हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करायची. सत्याऐंशी साली तिने पिस्तूल क्लबात नाव घातलं आणि पिस्तूलही घेतलं, तेव्हा तिचा नवरा हरीश हबकलाच.

"अगं, बायका बॅडमिंटन खेळतात!"

"खेळू देत की."

पिस्तूल सेकंडहँड, स्वस्तातलं, काळं आणि ठोकळ्यासारखं. क्लबचे सेक्रेटरी प्रिचर्ड यांनी ते उलटसुलट पाहून हसत परत दिलं. "डॉक्टर, याने फार तर पत्र्याचे डबे पडतील. इथे लोक स्विस पिस्तुलं आणतात."

"माझं अडकत नाही," ती म्हणाली.

आणि खरंच, कुठलीही गोळी घाला, ते निमूट उडवायचं. चाप तेवढा जड होता. दिवसभर दुसऱ्यांच्या श्वासांवर लक्ष ठेवणारी वैजयंती तिथे स्वतःचा श्वास अर्धा सोडून थांबायला शिकली. नेम बसायला लागला. हॉस्पिटलातला सगळा शीण त्या तासाभरात उतरायचा.

क्लबच्या वार्षिक स्पर्धेत ती तिसरी आली. प्रिचर्डनी मात्र तिसरा म्हणून चौथ्या माणसाचं नाव पुकारलं, आणि हसून म्हणाले, "आमच्या लेडीसाठी खास कप!"

टाळ्या पडल्या. वैजयंती उठली, पण कपाला हात लावला नाही.

"तिसरी मी आहे. भिंतीवरच्या विजेत्यांच्या बोर्डावर माझं नाव लिहा."

"बोर्ड पुरुषांचा आहे, डॉक्टर. तसा नियमच आहे."

हरीशने तिची बाही ओढली. "घे ना. कशाला तमाशा?"

"अहो, बायकांत मी एकटीच होते. एकटीत पहिली येऊन काय मिरवू?"

कप टेबलावर तसाच राहिला. आता ही पिस्तूल विकणार, असं हरीशला वाटलं. पण पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी रेंजवर हजर! प्रिचर्डनी नजर चुकवली, तशी ती मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बोर्डावर माझं नाव का नाही, हे नियम बदलेपर्यंत दर मीटिंगला विचारणार आहे. मी कुठे जात नाही."

विचारत राहिली. लोक कंटाळले, चिडले, मग एकेक करून तिच्या बाजूने हात वर करू लागले. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि त्याच ठोकळ्याने ती दुसरी आली.

बोर्डावर नाव लागलं. त्यात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. प्रिचर्ड म्हणाले, "चालेल ना?"

"नाही चालणार," वैजयंती म्हणाली, आणि रंगाऱ्याला परत बोलावायला लावलं.